अकूस्टिक बेसला पिकअप कोणता?

प्रश्न : माझ्या अकूस्टिक बेस गिटारला पिकअप नाही. ड्रम्ससोबत वाजवताना ती ऐकूच येत नाही. पिकअप आणि ॲम्प कोणता घ्यावा?

उत्तर : दोष तुमच्या हाताचा नाही. बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. तो स्वर मोठ्याने उमटवायला गिटारची पेटी फारच लहान पडते.

आधी तारा पाहा. ब्राँझच्या वेढ्यांच्या तारांना चुंबकीय पिकअप जेमतेम दाद देतो, नायलॉनला तर अजिबात नाही. म्हणून सॅडलखाली बसणारा पिएझो घ्या. पिएझो ‘टणटणीत’ वाजतो ही तक्रार खरी, पण बरेचदा खोट पुढच्या जोडणीत असते. त्याला निदान १ मेगाओमचा इनपुट लागतो. तो कमी असेल तर आधी खर्जच गळतो. त्यामुळे चांगला प्रीॲम्प हवाच. काटकसर करायची तर पिकअपमध्ये करा, इथे नको.

ॲम्प बेसचाच. अकूस्टिक गिटारच्या छोट्या ॲम्पचा स्पीकर खर्जाला धापा टाकतो. फीडबॅक आला तर साउंडहोलला रबरी झाकण लावा, फेजचं बटण उलटं करून पाहा.

पिकअप मात्र कारागिराकडूनच बसवून घ्या. सॅडलचा तळ सपाट नसेल, तर एखादी तार मुकी राहते.