टेस्टोस्टेरॉन चिकित्सा आणि रक्तदान : एक विचार

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने अथवा जेल घेणारे काही रुग्ण वाजीकरणाच्या सल्ल्यासाठी आपल्याकडेही येतात. या औषधाने रक्त घट्ट होते आणि नियमित रक्तदान केले की तो दोष निघून जातो, अशी त्यांपैकी अनेकांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी असल्याने प्रस्तुत लेखात आम्ही तिचा परामर्श घेत आहोत.

रक्तवृद्धीची कारणमीमांसा

टेस्टोस्टेरॉनमुळे यकृतातील हेप्सिडिन घटते. परिणामी लोहाचे शोषण व विनियोग वाढून मज्जेत तांबड्या पेशी अधिक प्रमाणात निर्माण होतात. त्यांचे रक्तातील शेकडा प्रमाण म्हणजे हिमॅटोक्रिट होय. जेलपेक्षा अल्पकाल टिकणाऱ्या इंजेक्शनांत ही वृद्धी अधिक आढळते. धूम्रपान व निद्रेतील श्वासावरोध तीत भर घालतात.

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार हिमॅटोक्रिट चिकित्सेपूर्वी, ३ ते ६ महिन्यांनी व पुढे प्रतिवर्षी तपासावे. ते ५४ टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवावे, कारण शोधावे आणि प्रमाण उतरल्यावर कमी मात्रेत पुन्हा सुरू करावे.

रक्तदानाची मर्यादा

रक्तदानाने हिमॅटोक्रिट काही काळ उतरते, हे खरे. परंतु औषधाची मात्रा तीच राहिल्यास मज्जेचे उत्तेजनही तसेच राहते. शिवाय मात्रा अधिक होत असल्याची खूण रक्तदानाने झाकली जाते आणि मूळ चिकित्सकाला ती दिसतच नाही.

दुसरा धोका लोहक्षयाचा. ४५० मिलिलिटर रक्तासोबत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. वारंवार रक्तदानाने फेरिटिन घटते व थकवा येतो. रुग्ण त्याला टेस्टोस्टेरॉनची उणीव समजून मात्रा वाढवून मागतो. आपण पांडू समजून, तपासणीविना मंडूर अथवा लोहकल्प योजले, तर तांबड्या पेशी पुन्हा वाढू शकतात. म्हणून अशा रुग्णात हिमॅटोक्रिट व फेरिटिन पाहिल्याविना लोहकल्प देऊ नयेत.

रक्तमोक्षणाशी तुलना

रक्तदान म्हणजे सिरावेधच, असे काही रुग्ण म्हणतात. सुश्रुतसंहितेत सिरावेधाचे योग्य-अयोग्य रुग्ण सांगितले आहेत आणि रक्तस्रावणाची परमसीमा एक प्रस्थ मानली आहे. तेथे प्रत्येक रुग्णाचा दोष, बल व काल पाहून निर्णय होतो. रक्तदानाचा हेतू मात्र रक्त घेणाऱ्याचे हित हा आहे. जलौकावचरणात निघणारे रक्त अल्प असते, त्यामुळे हिमॅटोक्रिट उतरविण्याचा तो मार्ग नव्हे.

व्यवहारात काय करावे?

१. वाजीकरणार्थ आलेल्या रुग्णास टेस्टोस्टेरॉन व रक्तदान यांविषयी स्पष्ट विचारावे.

२. भारतात पुरुषांसाठी दोन रक्तदानांत किमान ९० दिवसांचे अंतर व हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आवश्यक आहे. तथापि या अटी पूर्ण झाल्या तरी रुग्णाने चालू औषध रक्तकेंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास सांगावे. रक्त स्वीकारण्याचा निर्णय त्यांचा.

३. हिमॅटोक्रिट वाढल्यास रुग्णास मूळ चिकित्सकाकडे परत पाठवावे. रक्त काढण्याची गरज भासलीच, तर ती उपचार म्हणून, देखरेखीखाली व्हावी.

४. पिंडरीस सूज, श्वासकष्ट, छातीत वेदना अथवा एका बाजूची दुर्बलता दिसल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

५. टेस्टोस्टेरॉन अनुसूची एचमध्ये असल्याने औषध विक्रेत्यांनी ते चिठ्ठीविना देऊ नये.

रक्तदान श्रेष्ठ दान आहेच, पण चुकीच्या मात्रेवरचे ते औषध नव्हे, हे रुग्णास समजावणे आपले कर्तव्य आहे.