परीक्षकाची परीक्षा

एका सकाळीं आपल्या शाळेच्या मेल-सर्व्हरनें बाहेरून येणारें प्रत्येक पत्र 'स्पॅम' ठरवून परत धाडिलें. एका पालकांचा शिष्यवृत्तीचा अर्जही त्यांत होता; मुदत त्याच दिवसाची. ते अर्ज छापून घेऊन स्वतः शाळेंत आले, म्हणून हा प्रकार आम्हांस कळला.

सर्व्हर ही पारख कशी करतो तें प्रथम पाहूं. स्पॅम पाठविणाऱ्या यंत्रांच्या आय.पी. पत्त्यांची यादी म्हणजे ब्लॉकलिस्ट. १९२.०.२.२५ या पत्त्यावरून पत्र आलें, तर सर्व्हर ते आंकडे २५.२.०.१९२ असे उलटे मांडतो, पुढें यादीचें नांव जोडतो आणि डी.एन.एस.ला विचारतो. 'असें नांव नाहीं' असें उत्तर आल्यास पाठविणारा निर्दोष, १२७.०.०.२ यासारखें आल्यास तो यादींत आहे.

आम्हीं लॉग उघडला. प्रत्येक नकारापुढें एकच उत्तर होतें : १२७.२५५.२५५.२५४. स्पॅमहाउस या संस्थेच्या संकेताप्रमाणें हें पाठविणाऱ्याविषयीं मुळीं बोलतच नाहीं. 'तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारीत आहां, तसें चालणार नाहीं,' एवढाच त्याचा अर्थ. रिझॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीनें डी.एन.एस.ची चौकशी करणारा मध्यस्थ. तो आदल्या दिवशीं आम्हींच बदलला होता. शिवाय कोणतेंही उत्तर आलें कीं नकार द्यावा, असें सर्व्हरला शिकविलेंही आम्हींच. चूक आमची आणि शिक्षा पालकांना!

मग आम्हीं शाळेचा स्वतःचा रिझॉल्व्हर बसविला, आणि यादीनें जाहीर केलेल्या १२७.०.०. नें आरंभ होणाऱ्या ठराविक उत्तरांवरच नकार द्यावा, असा नियम घातला. शेवटीं चाचणी केली. २०१० सालच्या आर.एफ.सी. ५७८२ प्रमाणें अशा प्रत्येक यादींत १२७.०.०.२ हा पत्ता असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ कदापि असतां कामा नये. पहिला सांपडला नाहीं, तर यादी बंद पडली असावी. सॉर्ब्स ही जुनी यादी २०२४ सालीं बंदच झाली. दुसरा सांपडला, तर ती तपासणी सरसकट सर्वांनाच दोषी ठरवीत आहे असें समजावें. ही चाचणी आम्हीं आदल्या दिवशींच केली असती, तर एकही पत्र परत गेलें नसतें.

त्या पालकांचा अर्ज आम्हीं हातोहात घेतला व इतरांना पत्रें पुन्हां पाठविण्याची विनंती केली. मुलांनो, पारख करणाऱ्यानें दोषी ओळखला एवढ्यानें भागत नाहीं. निर्दोष त्याच्या हातून सुटतो कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.