जबडा धरला तर

सभासद बंधूंनो, फडातला ऊस दातानं सोलताना कानापुढचा जबड्याचा सांधा अचानक धरला तर घाबरू नका. चार दिवस ऊस, सुपारी, कडक भाकर बंद. खिचडी खा, दुधात कुस्करलेली भाकर खा. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं १५-२० मिनिटं शेका. जांभई येताच हनुवटीखाली हात धरा. हिसका देऊन सांधा ‘बसवून’ घेऊ नका, हे आम्ही बजावून सांगतो. सोबत छाती दुखून घाम फुटला तर तडक दवाखाना गाठा.

खर्रा खाणाऱ्यांचं दुखणं मात्र निराळं. तिखट झोंबतं, तोंड हळूहळू मिटतं, तीन बोटं उभी आत जात नाहीत. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते. ती शेकानं सुटत नाही, पुढे कर्करोगाचं भय. उमरखेड-पुसदकडे पोरंही खर्रा चघळतात, हे आम्हाला सलतं. अशांनी खर्रा सोडून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लवकर दाखवावं.