माघारीचे धैर्य

युरोप खंडाच्या उत्तर भागात नॉर्वे नावाचा डोंगराळ देश आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. नॉर्वेचा माणूस पायांत स्की घेऊनच जन्माला येतो, असे तेथे कौतुकाने म्हणतात. स्की म्हणजे बुटांना बांधावयाच्या लांब, अरुंद आणि पुढच्या टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या. भुसभुशीत बर्फात नुसते पाय गुडघ्यापर्यंत रुततात. परंतु स्कीमुळे शरीराचा भार लांबवर विभागला जातो आणि मनुष्य बर्फावरून घसरत सहज पुढे जातो.

मार्च-एप्रिलमध्ये ईस्टरचा सण येतो. तेव्हा दिवस मोठे झालेले असतात. पण डोंगरावरील बर्फ मात्र वितळलेले नसते. शाळांना सुट्टी लागते आणि कित्येक कुटुंबे स्की घेऊन पहाडाकडे धाव घेतात. हार्डांगरव्हिडा हे तेथील एक अतिविस्तीर्ण पठार. त्यावर झाडे जवळजवळ नाहीतच. प्रवाशांच्या मुक्कामासाठी ठिकठिकाणी लाकडी घरे बांधलेली आहेत आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतची वाट कळावी म्हणून बर्फात काठ्या खोचून ठेवतात.

अशाच वाटेने दहा-बारा जणांची एक टोळी निघाली आहे, अशी कल्पना करा. सकाळी लख्ख ऊन पडले आहे. गाणी म्हणत, एकमेकांची थट्टा करीत मंडळी चालली आहेत. दुपारी पश्चिमेकडून ढग चढू लागतात. वारा सुटतो. जमिनीवरचे भुकटीसारखे बर्फ उडू लागते आणि घटकाभरात आकाश व धरणी एकरूप होतात. सावली नाही, क्षितिज नाही. चढ कोठे आणि उतार कोठे हेही उमगत नाही. काळोखात दिसत नाही हे आपणांस ठाऊक आहे. येथे शुभ्र प्रकाशातच माणूस आंधळा होतो!

त्यातच वाऱ्याचा मारा. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत हिरावून नेतो. हवेचे तापमान शून्याखाली १० अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला शून्याखाली २० अंशांची थंडी जाणवते. बोटे बधिर होतात. थंडी अधिक भिनली की विचारशक्तीही मंदावते. म्हणजे जेव्हा शहाणपणाची सर्वांत अधिक गरज असते, नेमके तेव्हाच ते माणसाला सोडून जाते.

म्हणून निर्णय त्यापूर्वीच व्हावा लागतो. पण तो घेणे सोपे नसते. “एवढे आलोच आहोत, आता थोडेच उरले आहे,” असे कोणी तरी म्हणतो. परत फिरावे असे अनेकांच्या मनात असते. परंतु आपणच भित्रे ठरू, या भीतीने कोणी तोंड उघडत नाही. समूहात असल्याने माणसाला धीर येतो हे खरे. पण त्याच समूहात एकेकट्याचे शहाणपण मुके होऊन बसते, हेही तितकेच खरे.

अशा वादळाची किंमत केवढी असते, याचे उदाहरण शेजारच्या स्वीडन देशात घडले. फेब्रुवारी १९७८ मध्ये तेथील अनारिस पर्वतात स्कीवरून निघालेल्या नऊ जणांना हिमवादळाने गाठले. आडोसा मिळावा म्हणून त्यांनी बर्फ खणण्याचा प्रयत्न केला. तरीही आठ जण मृत्युमुखी पडले. एकच जण वाचला.

नॉर्वेमध्ये १९६७ साली ईस्टरच्या सुट्टीत १८ माणसे पहाडात प्राणास मुकली. सारा देश हळहळला. पर्वतप्रवासाचे काही नियम तेथे १९५२ पासूनच तयार होते. या दुःखद घटनेनंतर रेडक्रॉस आणि तेथील पर्यटन संघ यांनी मोठी मोहीम काढून ते घरोघरी पोहोचविले. २०१६ मध्ये त्यांत सुधारणा करण्यात आली. नियम अवघे नऊ आहेत. कोठे जाणार हे इतरांस सांगून जावे, हवामानाच्या सूचनांकडे लक्ष द्यावे, नकाशा व होकायंत्र यांचा उपयोग करावा, हे त्यांतील काही. शेवटचा नियम सांगतो, की शक्ती राखून ठेवा आणि जरूर पडल्यास आसरा शोधा. प्रसंगी बर्फच आसरा देते. गोधडीप्रमाणे त्याच्याही पोटात हवा कोंडलेली असते; म्हणून बर्फात खणलेल्या गुहेत बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी थंडी वाजते. मात्र हवा खेळण्यासाठी भोक ठेवावेच लागते आणि अंगात बळ आहे तोवरच फावडे हाती घ्यावे लागते.

त्याच्या आधीचा, आठवा नियम मात्र नॉर्वेतील लहान मुलांनाही तोंडपाठ असतो. वेळीच मागे फिरावे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हा त्याचा आशय. ज्या देशाने उत्तर व दक्षिण ध्रुवांकडे धाडसी वीर पाठविले, त्याच देशाने माघारीला नियमांत स्थान द्यावे, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

मुलांनो, शिर सलामत तर पगडी पचास, असे आपल्याकडेही म्हणतात. शिखर आज हुकले तर पुढल्या वर्षी ते तेथेच असते. संकटाला पाठ दाखविणे निराळे आणि ते ओळखून सोबत्यांसह सुखरूप परतणे निराळे. दहा जण पुढे चला म्हणत असता, “आपण येथूनच परतू या,” असे प्रथम म्हणणाऱ्याचे धैर्य शिखरावर झेंडा रोवणाऱ्याच्या धैर्याहून तिळभरही उणे नसते.

स्वाध्याय
१. वारा सुटला असता थंडी अधिक का जाणवते?
२. ‘समूहात एकेकट्याचे शहाणपण मुके होऊन बसते,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. बर्फातील गुहेला गोधडीची उपमा का दिली आहे?
४. सहलीला जाताना तुमच्या वर्गाने पाळावयाचे पाच नियम तयार करा.