पत नव्याने उभारताना

परदेशात अनेक वर्षे नोकरी करून बेंगळुरूच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीत रुजू झालेल्या व्यक्तीला क्रेडिट कार्ड लगेच मिळेलच असे नाही. वेतन भरपूर असले, तरी तिच्या परतफेडीची नोंद येथील बँकेपुढे नसते. भारतात अशा नोंदी पतमाहिती कंपन्या ठेवतात. त्यांपैकी २००० साली स्थापन झालेली 'सिबिल' ३०० ते ९०० यांदरम्यान गुणांक देते. परदेशातील गुणांक त्यात सहसा धरला जात नाही. अशा वेळी मुदत ठेव तारण ठेवून कार्ड घेता येते. दरमहा संपूर्ण देयक मुदतीत भरल्यास नवी पत हळूहळू निर्माण होते.

पाठगत प्रश्न
केवळ वेतन पाहून बँक पत का ठरवत नाही?