हँडल कोण फिरवतंय? शंभर वर्षांपूर्वीच्या ‘भविष्या’चा एक पाठ



‘शंभर वर्षांपूर्वी लोकांनी पाहिलेलं भविष्य’ अशा मथळ्याची रंगीत चित्रं तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आली असतील. पाठीला पंख लावून आग विझवायला निघालेले बंबवाले, देवमाशाला जुंपलेली पाण्याखालची बस, गिऱ्हाइकाची दाढी करणारे यंत्राचे हात. आपण हसतो, चार जणांना पाठवतो आणि विसरतो. या वेळच्या अभ्यासलेखासाठी मी असं ठरवलं, की यातली दोनतीन चित्रं नीट वाचायची. कवितेचं रसग्रहण करताना आपण एकेका शब्दाशी थांबतो ना, अगदी तसंच चित्राच्या एकेका कोपऱ्याशी थांबायचं.

आधी नाव, गाव, साल

ही चित्रं फ्रान्समधली आहेत. मालिकेच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘इ. स. २००० साली’. झाँ-मार्क कोते आणि इतर काही चित्रकारांनी १८९९ ते १९१० या काळात ती काढली. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, नव्या शतकाचं वारं सगळीकडे होतं, त्या वातावरणातली ही कल्पनाचित्रं. निदान ८७ चित्रं आज माहीत आहेत. पुढे बराच काळ ती फारशी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांनी १९८६ साली त्यांच्यावर ‘फ्यूचरडेज’ हे पुस्तक काढलं, आणि इंटरनेट आल्यावर तर ती जगभर फिरू लागली.

पण फिरताना गंमत होते. एकच चित्र कुठे ‘कोते, १९००’ म्हणून दिसतं, तर कुठे ‘व्हिलमार, १९१०’ म्हणून. व्हिलमार या नावाने १९१० सालची अशीच एक वेगळी फ्रेंच मालिका आहे, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली. दहा वर्षांनी असा काय फरक पडतो, असं वाटेल. पडतो. कारण राइट बंधूंचं विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालं. उडत्या माणसाचं चित्र त्याआधीचं असेल तर ती कल्पना, नंतरचं असेल तर कालच्या वर्तमानपत्रातली बातमी थोडी वाढवून सांगितलेली. म्हणून पाठ पहिला: ‘भविष्यवाणी’ समोर आली की आधी तिची तारीख विचारायची.

खरं काय ठरलं?

मालिकेत एक उडता पोस्टमन आहे. खेडेगावातला टपालवाला छोट्याशा उडत्या यंत्रावर बसून घरापाशी येतो आणि पत्र हातात देतो. हे स्वप्न खरं व्हायला २००० साल उजाडावं लागलं नाही, आणि त्याची अधिकृत सुरुवात युरोपातसुद्धा झाली नाही. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने आपल्या अलाहाबादहून सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केलं. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल ते हेच. या पत्रांवरच्या जादा शुल्कातून जो पैसा उभा राहिला, तो अलाहाबादच्या ऑक्सफर्ड अँड केंब्रिज हॉस्टेलसाठी होता. म्हणजे विमानाने पत्र जाण्याची जगातली पहिली कमाई कॉलेजच्या पोरांच्या वसतिगृहाला मिळाली! हे वाचून मला भलताच आनंद झाला, तो तुमच्यापर्यंत पोचवतो.

काय बदललंच नाही?

आता दुसरं चित्र. एक यंत्र फरशी घासतंय, त्याला ब्रश आहे, विजेची तार आहे. आज घरोघरी दिसू लागलेल्या झाडू मारणाऱ्या रोबोची ही जणू पणजी. असा घरगुती रोबो ‘रूम्बा’ या नावाने २००२ साली बाजारात आला, म्हणजे चित्रकाराचा अंदाज दोनच वर्षांनी चुकला. पण यंत्रावरून नजर काढा आणि ते चालवतंय कोण ते बघा. कामवाली. तोच लांब झगा, तोच एप्रन. शंभर वर्षांत यंत्र बदलेल हे चित्रकाराला दिसलं. घरातलं काम कुणी करायचं हेही कदाचित बदलेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

याच सुमाराला आपल्या देशात एका बाईंनी नेमकं तेच मनात आणलं. रुकैया सखावत हुसैन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली. तिच्यातल्या देशात बायका विद्यापीठं चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, आकाशातून पाणी ओढून घेतात. आणि पुरुष घराच्या आत, पडद्यात. फ्रेंच चित्रकाराने जुन्या माणसांच्या हातात नवी यंत्रं दिली. रुकैयांनी यंत्रांसोबत माणसांच्या जागाही बदलल्या. दोघांपैकी जास्त लांबचं कुणाला दिसलं, हे तुम्हीच ठरवा.

शाळेचं चित्र

तिसरं चित्र शाळेचं, आणि सगळ्यांत जास्त फिरणारं. वर्गात मुलं रांगेत बसली आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक यंत्र, त्याची तार वर गेलेली. शेजारी गुरुजी एका मोठ्या यंत्राच्या तोंडात पुस्तकं टाकताहेत. पुस्तकं आत दळली जातात आणि ज्ञान तारांतून मुलांच्या डोक्यात उतरतं. मिरच्या कांडपात टाकाव्यात आणि पलीकडून तिखट निघावं, तसं.

हे चित्र पाहून लोक म्हणतात, ‘बघा, हेडफोन! बघा, ऑनलाइन क्लास!’ खरं आहे. पण माझी नजर अडकली ती यंत्राच्या बाजूला. तिथे एक मुलगा उभा आहे आणि तो हँडल फिरवतोय. बाकीच्यांच्या डोक्यात आयतं ज्ञान जातंय, कारण हा एकटा घाम गाळतोय. आणि त्याच्या डोक्यावर तार नाही.

या एका मुलाने चित्राचा सगळा अर्थच पालटून टाकला असं मला वाटतं. चित्रकाराने त्याला मुद्दाम काढलं की सहज, ते सोडा. प्रश्न असा आहे, की भविष्याच्या कुठल्याही देखाव्यात हा मुलगा कुठेतरी असतोच, फक्त बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर. आज आपण संगणकाला प्रश्न विचारतो आणि क्षणात उत्तर येतं. पण चित्रात मांजर कुठलं आणि कुत्रं कुठलं, वाक्य शिवीचं की कौतुकाचं, अशा खुणा करत बसणारी हजारो माणसं त्यामागे असतात, आपल्या देशातही आहेत. पडद्यावर त्यांचं नाव येत नाही. म्हणून पाठ दुसरा: नव्या यंत्राचं कौतुक जरूर करायचं, पण हँडल कोण फिरवतंय आणि त्याला काय मिळतंय, तेही विचारायचं.

आणि पुस्तकं कुठली?

याच चित्रात आणखी एक प्रश्न दडलाय, आणि तो थेट आपल्या मंडळाचा आहे. गुरुजी जी पुस्तकं यंत्रात टाकतील, तेवढंच पलीकडून बाहेर येणार. ज्या भाषेची, ज्या गावाची पुस्तकं टोपलीतच नाहीत, त्यांचं काय?

आपण महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणारी माणसं. आपल्यासारख्यांनी भविष्याची स्वप्नं बघितलीच नाहीत असं नाही. ‘केरळ कोकिळ’ हे मासिक मराठी, पण निघालं कोचीनहून, कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या संपादनाखाली. एकोणिसावं शतक संपता संपता त्यात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून केलेली चंद्रलोकाची सफर मराठीत येत होती. म्हणजे पॅरिसमध्ये चित्रकार पंखवाले बंबवाले रंगवत होते, साधारण त्याच काळात समुद्रकाठच्या मल्याळी मुलखातून मराठी वाचक चंद्रावर निघाले होते. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, कारण कथा नावावर नव्हे, गुणावर तोलली जावी.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, पणजी इथल्या जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत अशी मासिकं, स्मरणिका, हस्तलिखितं आहेत. पानं पिवळी पडलीत, कसर लागलीय. ती कुणी उघडली नाहीत, टिपली नाहीत, तर उद्याच्या यंत्राच्या लेखी आपण इथे राहत होतो याचा पुरावाच नसेल. हे काम फार मोठं नाही. एक मासिक, एक मोबाइल, एक शनिवार दुपार, आणि ग्रंथपालबाईंची परवानगी. त्यासोबत मासिकाचं नाव, गाव, महिना, साल नीट लिहून ठेवायचं. पहिला पाठ आठवतोय ना?

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या आजी-आजोबांना विचारा: तरुणपणी त्यांना पुढचं जग कसं दिसत होतं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

२. मोबाइलवर आलेला एखादा ‘भविष्यातला शोध’ निवडा. तो कुणाचा, कधीचा आणि कुठला, हे तपासून दहा ओळी लिहा.

३. इ. स. २१२५ मधल्या आपल्या कॉलेजचं एक चित्र काढा. यंत्रं हवी तेवढी काढा. पण हँडल फिरवणारा चौकटीच्या आत दिसला पाहिजे, आणि जमलं तर त्यालाही एक तार जोडा.