धुळ्याच्या सरळ गल्ल्या

आलेख कागद डोळ्यांपुढे आणा. धुळ्याच्या बाजारपेठेचा नकाशा पाहिला की त्याची आठवण होते. आग्रा रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्या एकमेकींना समांतर आहेत आणि त्या क्रमांकांनी ओळखल्या जातात: गल्ली नंबर एक, दोन, तीन. जुने धुळे या भागात मात्र अशी शिस्त नाही. एकाच गावाची ही दोन रूपे कशी?

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे मुख्य ठाणे केले. गाव पांझरेच्या दक्षिण काठावर, पुण्याहून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या वाटेवर होते. त्या वेळी तिथे 401 घरे आणि 2509 माणसे होती. व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून ब्रिग्जने घरांसाठी जागा कायमच्या विनाभाडे दिल्या, शिवाय बांधकामासाठी उचलही दिली.

हे शहर विश्वेश्वरय्यांनी वसवले, असे पुष्कळदा ऐकू येते. तारखा लावून पाहा. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा, म्हणजे नव्या वस्तीचा आरंभ त्याच्या 42 वर्षे आधीचा. मुंबई इलाख्याच्या नोकरीत ते 1884 मध्ये आले आणि खानदेशात त्यांनी पाण्याची कामे केली, हे मात्र खरे.

आता थोडे गणित. 2011 च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख होती, म्हणजे 1819 च्या जवळजवळ 150 पट. सात वेळा दुप्पट केले की 128 पट होते. तेव्हा 192 वर्षांत सातपेक्षा थोड्या अधिक दुपटी झाल्या. सरासरी 27 वर्षांना एक. प्रत्यक्षात ही वाढ अशी एकसारखी होत नाही, दुष्काळ आणि साथी मध्ये येतात. 1872 च्या पांझरेच्या पुराने तर घरांचे फार नुकसान केले.

घर पडते, पुन्हा बांधले जाते, खाली दुकान येते, वर मजला चढतो. रस्त्याची रेषा मात्र सहसा हलत नाही, कारण ती हलवायची तर दोन्ही बाजूंच्या अनेक मालकांच्या जागा घ्याव्या लागतात. म्हणून एकदा आखलेली रेषा इमारतींपेक्षा जास्त जगते. बैलगाडीच्या काळातल्या रुंदीत आज मोटारी अडकतात, त्याचे मूळ इथे आहे.

रेल्वे धुळ्याला 1900 मध्ये चाळीसगावहून फाट्याने आली. तोवर बाजार आग्रा रोडवर पक्का बसला होता आणि तो तिथेच राहिला. महामार्गाची वाहतूक गावाबाहेरून जाऊ लागली तरीही तो हलला नाही! जळगावची गोष्ट निराळी. तिथे रेल्वे 1860 नंतरच्या दशकातच पोचली, कापसाचा व्यापार तिच्याभोवती वाढला, आणि 1906 मध्ये ते पूर्व खानदेशाचे ठाणे झाले.

शेवटी एक प्रश्न. काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्यांच्या गावात तुम्हाला पूर्वेला तीन आणि उत्तरेला चार चौक जायचे आहे. मागे न फिरता किती वेगवेगळ्या वाटांनी जाता येईल? प्रत्येक चौकात तिथवर पोचण्याच्या वाटांची संख्या लिहीत जा. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या चौकांतल्या संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. उत्तर 35 यायला हवे.